विकिमीडिया फाउंडेशनला खुलं पत्र: छोट्या भाषांचा विकिपीडिया कुणाच्या ताब्यात जातोय ते वेळेत बघा

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचं विश्वस्त मंडळ आणि सगळे स्टुअर्ड्स (सगळ्या भाषांच्या विकींवर वरचे अधिकार असलेले स्वयंसेवक) यांना,

नमस्कार.

थेट मुद्द्यावरच येते. गेल्या वीसेक वर्षांत विकिपीडियाला पर्याय म्हणून कट्टर विचारांच्या लोकांनी जे ऑनलाइन ज्ञानकोश काढले त्यातला एकही विकिपीडियाच्या जवळपास पोचला नाही, आणि दरवेळी आपल्याकडे सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, की बघा, खोट्याचा ज्ञानकोश चालत नाही. पण ते का चालले नाहीत हे नीट बघितलं तर कळतं की त्यांना जे बाहेर राहून जमलं नाही ते आत शिरून जमू शकतं, आणि एका भाषेत, क्रोएशियनमध्ये, ते जमलंही, जवळपास दहा वर्षं. त्याबद्दल तुम्ही स्वतःच एक रिपोर्ट छापलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की तो रिपोर्ट छापून झाल्यावरसुद्धा छोट्या भाषांवर नियमित नजर ठेवायची सोय तुम्ही अजून केलेली नाही.

आधी जरा मागचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

स्टॉर्मफ्रंट ही 1995 पासूनची गोऱ्या वर्चस्ववाद्यांची साइट. 2005 च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मेंबरांना सांगितलं की इंग्रजी विकिपीडियावर ज्यूंबद्दलचा एक लेख डिलीट व्हायला आलाय, जाऊन मतं टाका. लोक गेले, मतं टाकली, तरी लेख उडालाच. कारण इंग्रजीत नुसती डोकी मोजत नाहीत, मुद्दा काय आणि सोर्स काय ते बघतात, आणि एकदम उगवलेली नवी खाती तिथल्या जुन्या एडिटरांच्या पटकन लक्षात येतात. गर्दी करून विकिपीडिया वाकवता येत नाही हे तेव्हाच दिसलं.

मग वेगळा मार्ग. ऑक्टोबर 2006 मध्ये स्वीडनमधून मेटापीडिया सुरू झाला, अँडर्स लागरस्ट्रॉम नावाच्या प्रकाशकाने काढलेला, आणि मग जर्मन, इंग्रजी, हंगेरियन अशा बऱ्याच भाषांमध्ये पसरला. तुमचंच मीडियाविकी सॉफ्टवेअर, ते मोफत आहे आणि मोफतच राहायला हवं, ते घेऊन त्यांनी हुबेहूब तसंच दिसणारं पहिलं पान केलं, डावीकडे मेन्यू, वरती टॅब, खाली वर्गवाऱ्या, लेखाच्या शेवटी तळटीपा. आतला मजकूर मात्र नाझींना सोज्वळ दाखवणारा आणि ज्यूंच्या हत्याकांडावर शंका घेणारा. यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला विचाराल तर भाषा. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, एकदम थंड, अभ्यासू सुरातली वाक्यं. "कथित", "असा दावा केला जातो", "काही संशोधकांच्या मते", असे शब्द एकेका वाक्यात पेरत जायचं आणि लाखो लोकांचा खून हा दोन बाजू असलेला वाद वाटायला लागतो. शाळेतल्या मुलाने गृहपाठासाठी सर्च केलं आणि हे पान उघडलं तर त्याला कळणार कसं की हे विकिपीडिया नव्हे? त्यांना नेमकं हेच हवं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. लोकांची इतिहासाकडे आणि संस्कृतीकडे बघायची नजर हळूहळू बदलायची, निवडणुका वगैरे नंतर, असा उघड हेतू होता.

त्याच वर्षी, नोव्हेंबर 2006 मध्ये, अमेरिकेत अँड्र्यू श्लाफ्ली या वकिलाने कन्झर्व्हापीडिया काढला. त्याला मी मेटापीडियाच्या पंगतीत बसवत नाही, ते अन्यायाचं होईल, तो धार्मिक-पुराणमतवादी प्रकल्प होता, नाझीप्रेमी नव्हता. पण तो कसा बिघडला हे इथे फार महत्त्वाचं आहे. आईनस्टाईनच्या सापेक्षतेपासून उत्क्रांतीपर्यंत सगळीकडे त्यांना उदारमतवाद्यांचं कारस्थान दिसत होतं, 2008 मध्ये रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञाने जिवाणूंवर वर्षानुवर्षं चालवलेल्या प्रयोगावर संशय घेऊन कन्झर्व्हापीडियावाल्यांनी डेटा मागितला आणि त्याने सविस्तर उत्तर देऊन यांचं तोंड बंद केलं. जे एडिटर आत राहून वाद घालत होते त्यांना ब्लॉक केलं, आणि त्याच ब्लॉक झालेल्यांनी 2007 मध्ये त्याच्यावर टीका करणारा रॅशनलविकी काढला. मागे उरले ते होला हो करणारे. आणि मग एक विचित्र प्रकार झाला, जो पुढच्या माझ्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा: टवाळी करणारे लोक एकनिष्ठ असल्याचं सोंग घेऊन आत शिरले आणि वाटेल ते लिहायला लागले, आणि खरा भक्त कोण आणि सोंगाड्या कोण हे ओळखायचं काही साधनच उरलं नाही, कारण लिखाण तपासायची एकच कसोटी उरली होती, की लिहिणारा आपल्यातला वाटतो का.

2016 मध्ये इन्फोगॅलॅक्टिक आला, अमेरिकेतल्या अतिउजव्या गोटातून, त्यांनी तर इंग्रजी विकिपीडियाच उचलून कॉपी केला, लायसन्सप्रमाणे ते करता येतंच, आणि म्हणाले आता आम्ही विकिपीडियाची जागा घेणार. नाही जमलं. लाखो लेख कॉपी करायला काही लागत नाही, ते रोज अपडेट करायला माणसं लागतात.

माणसं का नाही आली? माझं मत असं आहे की ज्ञानकोश हा नव्वद टक्के कंटाळवाण्या कामावर उभा असतो. नदीची लांबी, भुंग्याची प्रजात, रेल्वे स्टेशनचा कोड, एखाद्या रसायनाचा उत्कलनबिंदू, कुठल्याशा जुन्या क्रिकेटपटूची जन्मतारीख. हे काम करणारा माणूस वर्षानुवर्षं ते करतो कारण त्याला ते आवडतं, त्याला कुणाचा बदला घ्यायचा नसतो. कट्टर ज्ञानकोशात येणारा प्रत्येकजण मात्र पाच-पंचवीस ठराविक लेखांसाठी येतो, वंश, धर्म, युद्ध, शत्रू, बास. ते लेख लिहून झाले की करायला काही उरत नाही, मग एकमेकांची निष्ठा तपासणं सुरू, मग भांडणं, मग हकालपट्ट्या. आणि वाचक तर कधी येतच नाही, कारण वाचकाला आधी भुंगा हवा असतो.

बाहेरून दट्ट्या बसला तो वेगळाच. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्च्यावेळी झालेल्या हिंसाचारानंतर डेली स्टॉर्मर या नवनाझी साइटला डोमेन कंपन्यांनी आणि साइट्सना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने बाहेर काढलं, स्टॉर्मफ्रंटचं डोमेनसुद्धा काही काळ गेलं. पण हे प्रकल्प त्याच्या आधीच आतून सुकलेले होते असं मला वाटतं. 2019 मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियरमध्ये एक अभ्यास आला होता, विकिपीडियाच्या लेखांवर, त्यात दिसलं की वेगवेगळ्या राजकीय मतांचे एडिटर ज्या लेखावर एकत्र काम करतात, भांडतात, तो लेख जास्त चांगला होतो. ज्याने विरोधकाला दारातूनच हाकललं त्याने स्वतःचा प्रूफरीडर हाकलला.

आता मूळ मुद्दा. वरती जे सगळं सांगितलं त्यातून कुणीही हुशार माणूस काय शिकेल? की नवा ज्ञानकोश काढू नये. त्यापेक्षा जिथे भुंग्यांवर लिहिणारे आधीच कामाला लागलेत, जिथे वाचक आधीच येतोय, गुगलमध्ये पान आधीच पहिलं येतंय, आणि जिथे लक्ष ठेवणारे मोजकेच आहेत, तिथे अ‍ॅडमिन व्हावं, म्हणजे लोकांना ब्लॉक करायचे आणि पानं लॉक करायचे अधिकार हातात येतात.

क्रोएशियन विकिपीडियावर हेच झालं. मेटापीडियावाल्यांनी ते केलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते तिथलेच लोक होते. पण निकाल बघा. यासेनोवात्स ही दुसऱ्या महायुद्धातली छळछावणी, 1941 ते 1945, क्रोएशियातल्या उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीने चालवलेली, जर्मनांनी नव्हे. तिथल्या स्मारकाने एकेक नाव शोधून यादी केली आहे, 83,145 नावं, त्यात 20,101 मुलं चौदा वर्षांखालची. बहुतेक सर्ब, शिवाय रोमा समाजाचे लोक, ज्यू, आणि राजवटीला विरोध करणारे क्रोएशियन. आणि क्रोएशियन विकिपीडियावर बरीच वर्षं हे ठिकाण म्हणजे लोकांना गोळा करून कामाला लावायची छावणी अशा सुरात मांडलेलं होतं, मारलेल्यांची संख्या कशी फुगवलेली आहे यावरच भर. त्या मुलांच्या भावंडांच्या नातवंडांनी शाळेच्या प्रोजेक्टसाठी हे पान उघडलं असेल. त्यावर तुमचा लोगो होता. मेटापीडियाला आयुष्यभर धडपडून जी विश्वासार्हता मिळाली नाही ती यांना आयती मिळाली.

हे कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. समजा एक नवीन एडिटर येतो, स्मारकाच्या यादीचा आकडा टाकतो, सोर्स देतो. दहा मिनिटांत रिव्हर्ट, म्हणजे त्याचा बदल उलटवलेला, कारण दिलेलं असतं "पक्षपाती संदर्भ". तो चर्चा पानावर विचारतो की मग कुठला संदर्भ चालेल. उत्तर येतं की तू इथे अजेंडा घेऊन आलायस. तो पुन्हा एडिट करतो, आता त्याच्यावर एडिट वॉरचा, म्हणजे दुसऱ्याचे बदल पुन्हापुन्हा उलटवत राहिल्याचा ठपका, एक दिवसाचा ब्लॉक. अ‍ॅडमिनने पण तितक्याच वेळा रिव्हर्ट केलेलं असतं पण ते कुणी मोजत नाही. एक दिवसाने तो परत येऊन म्हणतो की हे चुकीचं चाललंय, तर वैयक्तिक हल्ला केला म्हणून महिनाभर. दाद मागायची तर ती त्याच चार-पाच अ‍ॅडमिनांकडे, आणि कधीकधी त्याचं स्वतःचं चर्चा पानही लॉक. प्रत्येक पायरीवर नियमाचं नाव आहे, प्रत्येक लॉग एंट्री बाहेरून बघणाऱ्याला नेहमीसारखी दिसते. खोटं लिहिलं असं कुठल्याच एका एडिटमध्ये सापडत नाही, ते सापडतं दोनशे एडिट सलग वाचल्यावर, आणि तेही ती भाषा येत असेल तर. अशा दोन-तीन हकालपट्ट्या झाल्या की बाकीचे समंजस लोक आपणहून भुंग्यांकडे परत जातात. मी त्यांना दोष देत नाही, फुकट काम करणाऱ्या माणसाने रोज अपमान का सोसावा.

हे गुपित होतं का? नाही. सप्टेंबर 2013 मध्ये क्रोएशियातल्या मोठ्या वर्तमानपत्राने बातमी केली, देशाचे शिक्षणमंत्री झेल्को योव्हानोविच यांनी विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं की क्रोएशियन विकिपीडिया वापरू नका, जमल्यास इंग्रजी वापरा. एका देशाचा मंत्री आपल्याच भाषेतला ज्ञानकोश मुलांना वापरू नका म्हणतो, यापेक्षा मोठी धोक्याची घंटा कुठली असते? मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामायिक चर्चेच्या साइटवर, तक्रारी झाल्या, लांबलचक चर्चा झाल्या, आणि परिस्थिती पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. 2020 च्या शेवटाला मुख्य सूत्रधारावर जागतिक बॅन आला, तोही प्रामुख्याने कम्युनिटीने चिकाटीने पुरावे गोळा केले म्हणून. तुमचा रिपोर्ट आला जून 2021 मध्ये. मंत्र्याच्या इशाऱ्यापासून बॅनपर्यंत सात वर्षं. तेवढ्या काळात एक मूल पाचवीतून बारावीला जातं.

त्या रिपोर्टबद्दल तुमचं कौतुकही करते, कारण स्वतःच्या घरातली घाण अशी उघड लिहायला धाडस लागतं, त्यात स्पष्ट म्हटलंय की एका गटाने प्रकल्प ताब्यात घेतला आणि इतिहास वाकवला. पण तो वाचून मला सर्वात जास्त खटकलं ते हे, की ही एका भाषेची गोष्ट म्हणून फाइलबंद झाली. तीनशेहून जास्त भाषांमध्ये विकिपीडिया आहे. त्यातल्या किती ठिकाणी सगळे निर्णय मूठभर लोक घेतात, हे तुमच्याच सर्व्हरवर लॉगमध्ये पडलेलं आहे.

कुणी बघत नसलं की काय होतं याचं अगदी निरुपद्रवी उदाहरण पण आहे. 2020 मध्ये उघडकीला आलं की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिलेत ज्याला ती भाषाच येत नव्हती, इंग्रजीतच शब्द बदलून बदलून टाकले होते. त्या पोराचा हेतू वाईट नव्हता, त्याच्यावर लोक ज्या पद्धतीने तुटून पडले ते मला आवडलं नाही. पण विचार करा, इतकी वर्षं, इतके लेख, आणि कुणाच्याच लक्षात नाही. त्याच्या जागी हेतू वाईट असलेला, भाषा उत्तम येणारा माणूस असता तर?

आणि इंग्रजी सुरक्षित आहे असंही समजू नका. वॉर्सामधली एक नाझी छावणी खरीच होती, पण तिथे गॅस चेंबरमध्ये दोन लाख पोलिश लोक मारले ही गोष्ट इतिहासकारांनी फेटाळलेली असूनही इंग्रजी विकिपीडियावर 2004 पासून 2019 पर्यंत राहिली, पंधरा वर्षं, तिथून दुसऱ्या लेखांत आणि दुसऱ्या भाषांत गेली. हारेट्झ या इस्रायली वर्तमानपत्राने ते मांडलं तेव्हा सगळ्यांना कळलं. जिथे हजारो डोळे आहेत तिथे ही अवस्था, तर जिथे आठ डोळे आहेत तिथलं काय बोलायचं.

तुम्ही म्हणाल की आता युनिव्हर्सल कोड ऑफ कंडक्ट आहे, त्याची अंमलबजावणी बघणारी समिती पण 2024 पासून आहे. आहे, आणि ते चांगलंच आहे. पण तो कोड मुख्यतः वागणुकीचा आहे, आणि त्यासाठी कुणीतरी तक्रार करावी लागते. ज्यांना हाकललं ते कधीच निघून गेलेत, जे उरलेत त्यांना सवय झालीये, तक्रार करणार कोण? दुसरी एक गोष्ट तर मला खरंच कळत नाही. एखाद्या छोट्या विकीवरचा अ‍ॅडमिन दोन वर्षं काहीच करत नसेल तर स्टुअर्ड्स त्याचे अधिकार काढून घ्यायची प्रक्रिया करतात, त्यासाठी नियम आहे, यादी निघते. म्हणजे झोपलेल्या अ‍ॅडमिनवर तुमचं लक्ष आहे. जो दहा वर्षं जागा राहून एकेकाला ब्लॉक करतोय त्याच्याकडे ठराविक काळाने बघायची मात्र काहीच सोय नाही.

म्हणून मी जे मागतेय ते फार मोठं नाहीये. ज्या भाषेत अ‍ॅडमिन मोजकेच आहेत तिथे त्यांची मुदत ठरवा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा कौल घ्या, आणि त्या मतदानात आधी ब्लॉक झालेल्यांचं म्हणणं निदान ऐकून घ्यायची सोय ठेवा. ब्लॉकविरुद्ध दाद त्या विकीच्या बाहेर मागता आली पाहिजे आणि ती स्वतःच्या भाषेत मागता आली पाहिजे, सध्या मेटावर इंग्रजीत भांडावं लागतं आणि ज्याचं इंग्रजी चांगलं तोच अर्धा खटला जिंकतो, ताब्यात घेणारे नेमके त्यात पटाईत असतात. आणि दरवर्षी काही छोट्या भाषा निवडून, त्या भाषेतले बाहेरचे जाणकार, इतिहासाचे शिक्षक, भाषेचे अभ्यासक, ग्रंथपाल, यांच्याकडून तिथले वादग्रस्त वीस-तीस लेख वाचून घ्या. त्यांनी लेख बदलू नयेत, फक्त जाहीर टिपण लिहावं. बाकी ते टिपण वाचून कम्युनिटी काय करते ते बघा, आपल्या बहुतेक कम्युनिटी चांगल्या आहेत, त्यांना पाठबळ मिळालं की त्या स्वतः साफसफाई करतात, क्रोएशियनमध्येही शेवटी ती तिथल्याच एडिटरांनी केली.

यावर एक आक्षेप येणार तो मला माहीत आहे आणि तो मला हलका वाटत नाही. फाउंडेशनने मजकुरात हात घालायला सुरुवात केली तर उद्या एखादं सरकार म्हणेल की मग आमच्यासाठी पण घाला. तुर्कस्तानने 2017 ते 2020 विकिपीडिया बंद ठेवला, मजकूर काढला नाही म्हणून, आणि तुम्ही झुकला नाहीत, कोर्टात लढून जिंकलात. ते मला अभिमानाचं वाटतं. म्हणूनच मी मजकूर तुमच्या हातात द्या असं कुठेही म्हणत नाहीये. मजकूर एडिटरांचाच राहू दे, पण एडिटर व्हायचा हक्क चार जणांनी बळकावलेला नाही एवढं तरी तुम्ही बघा, कारण सर्व्हर, लोगो आणि देणगीचं बटण तुमचं आहे.

आणि घाईचं कारण असं की आता वाचणारा माणूसच नाही तर मशीनसुद्धा आहे. छोट्या भाषेत इंटरनेटवर नीट लिहिलेला मजकूर आधीच कमी, त्यामुळे एआय मॉडेल शिकवताना त्या भाषेचा विकिपीडिया हा मोठा आणि भरवशाचा समजला जाणारा साठा असतो. मेटापीडिया फिल्टरच्या यादीत टाकता येतो, तो एका पत्त्यावर आहे. ताब्यात गेलेली विकिपीडियाची आवृत्ती कुणी फिल्टर करणार नाही, उलट तिला "दर्जेदार सोर्स" म्हणून आत घेतलं जाईल, आणि मग लेख दुरुस्त झाला तरी तो जुना थंड, अभ्यासू सूर मॉडेलच्या उत्तरांत शिल्लक राहू शकतो, तिथे रिव्हर्टचं बटण नाही. आधी सात वर्षांचा उशीर परवडला असं मी म्हणणार नाही, कुणालाच परवडला नव्हता, पण आता तर सात महिनेसुद्धा जास्त आहेत.

तुमच्या पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. नकार द्यायचा असेल तर कारणांसकट द्या, मेटावर जाहीर द्या, म्हणजे आम्हाला त्यावर बोलता येईल. आणि होकार असेल तर पहिल्या वर्षी कुठल्या भाषा बघणार ते सांगा, वाचायचं काम करायला माझ्यासारखे बरेचजण तयार आहेत.

आपली,
छोट्या भाषेत लिहिणारी एक जुनी एडिटर